थरथर गाडीत की हातात? कात्रप ते उल्हासनगर, एक छोटा प्रवास

माझ्या ब्लॉगवर नेहमी येणाऱ्यांना माहीत आहे की मी फिरायला निघालो की निदान दोन जिल्हे तरी ओलांडतो. ई-गाडीने हरिहरेश्वर, ई-गाडीने भंडारदरा, चार्जिंग कुठे मिळालं, कुठल्या घाटात बॅटरी किती उतरली, हे सगळं मी इथे हौसेने लिहीत आलोय. या वेळचा प्रवास मात्र बदलापुरातल्या आमच्या कात्रपपासून अंबरनाथ आणि उल्हासनगर एवढाच आहे. सकाळी निघालो, दुपार कलताना घरी आलो. जाताना उत्साह नव्हता आणि येताना तर मुळीच नव्हता. पण ज्यांच्या ई-गाडीत विचित्र व्हायब्रेशन येतंय त्यांना काही उपयोग होईल, म्हणून लिहितो. खरं सांगायचं तर कुणाला तरी सांगायचं आहे, म्हणूनही लिहितो.

आधी थोडी पार्श्वभूमी. मी अंबरनाथच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला अख्खी नोकरी काढली. पंप, मोटरी, गिअरबॉक्स, हेच माझं जग. मीटर लावायच्या आधी मी बेअरिंगवर हात ठेवायचो आणि सांगायचो, हे महिनाभर चालेल, हे उद्या बसेल. निवृत्त झालो तेव्हा घरी बसून राहायचं नाही म्हणून ही गाडी घेतली. सकाळी नातीला, इराला, शाळेत सोडायचं काम आपोआप माझ्याकडे आलं. ती दुसरीत आहे. मागच्या सीटवरून ती मला रोज वर्गातल्या भांडणांचा अहवाल देते आणि मी न्यायनिवाडा करतो. दिवसभरात मला कुणी विचारत असेल तर ते तेवढ्याच वेळात.

गेल्या पावसाळ्यात उजव्या हाताची बोटं आपोआप हलायला लागली. डॉक्टर म्हणाले, कंपवाताची सुरुवात आहे. गोळ्या सुरू झाल्या. गाडीचं विचारलं तर म्हणाले, सध्या हरकत नाही, पण घरच्यांनी लक्ष ठेवा. हे वाक्य त्यांनी माझ्यासमोर बोलायला नको होतं, कारण तेव्हापासून घरातले सगळे लक्षच ठेवून आहेत. कपात चहा अर्धाच येतो. शर्टाची बटणं लावताना सून दाराशी येऊन उगाच काहीतरी विचारते.

अशात दिवाळीनंतर गाडीच्या स्टिअरिंगला थरथर जाणवायला लागली. हळू चालवताना काही नाही, वेग पंचावन्नच्या वर गेला की सुरू. मी घरी सांगितलं आणि सगळे एकमेकांकडे बघायला लागले. रागावले असते तर बरं वाटलं असतं. माझा मुलगा सुमेध गाडी घेऊन कात्रपला एक फेरी मारून आला आणि म्हणाला, काही नाहीये. बायको कमल म्हणाली, मला थोडं जाणवतं. आता यात विश्वास कुणावर ठेवायचा? मुलगा काळजीपोटी नाही म्हणतोय आणि बायको मायेपोटी हो म्हणतेय, असं मला वाटत राहिलं.

शेवटी एका रविवारी सुमेध माझ्याजवळ येऊन बसला. खूप वेळ मोबाईलच बघत होता. मग म्हणाला, "बाबा, गाडी एकदा नीट चेक करून घ्या. फॉल्ट निघाला तर प्रश्नच नाही, तुम्हीच चालवा. नाही निघाला तर मग चावी आईकडे द्या. इरा असते ना गाडीत."

मी म्हटलं, ठीक आहे. दुसरं काय म्हणणार? कमलने साठीच्या तोंडावर याच गाडीवर ड्रायव्हिंग शिकून लायसन्स काढलंय. क्लच नाही, गिअर नाही, म्हणून शिकली. शिकवलं मीच.

तर प्रवास. इराला सुट्टी होती, ती घरीच राहिली; मी आणि कमल निघालो. नाश्त्याला फक्त चहा-बिस्किटं घेतली, कारण उल्हासनगरपर्यंत गेलो तर दाल-पकवान खायचं असं कमलने परस्पर ठरवलं होतं. थंडीचे दिवस, पण बदलापूरची जुनी थंडी आता राहिलेली नाही. सकाळी धुरकट पांढरट हवा असते आणि समोरच्या इमारती पुसट दिसतात. कात्रपला इमारती इतक्या झाल्यात की धुरक्याने निदान थोड्या तरी झाकल्या जातात.

पहिला थांबा कात्रपमधलाच, हवा भरायचं दुकान. तुमच्या गाडीला थरथर असेल तर सुरुवात इथून करा, फुकटात होतं. ई-गाडी बॅटरीमुळे वजनाला जड असते, हवा कमी-जास्त असेल तर लगेच कळतं. आणि इंजिनाचा आवाज नसल्यामुळे साध्या गाडीत जे लपून जातं ते हिच्यात थेट अंगाला लागतं. हवा चारही चाकांत बरोबर होती. दुकानदाराने विचारलं, एवढ्यात टायरचं काही काम केलंत का? मी सांगितलं, दिवाळीच्या आसपास पुढच्या डाव्या चाकात खिळा घुसला होता. चाक मीच पार्किंगमध्ये खोललं, स्कूटरवर घालून पंक्चर काढून आणलं आणि मीच बसवलं. हे सांगताना माझी मान जरा ताठ झाली असणार. या वयात कोण करतं, असं तो म्हणाला आणि मला ते आवडलं.

तिथून जांभूळ गावाच्या बाजूला गेलो. जलशुद्धीकरण केंद्राकडे जाणाऱ्या रस्त्यावर सकाळी रहदारी कमी असते आणि मधला एक डांबरी पट्टा चांगला गुळगुळीत आहे. चाचणी डांबरावरच करायची. काँक्रीटच्या रस्त्याला सांधे असतात, त्यांचे ठोके गाडीचे समजून माणूस उगाच घाबरतो. तर पंचावन्न, साठ, पासष्ट. थरथर आली. अ‍ॅक्सिलरेटर सोडला, आपोआप ब्रेक लागल्यासारखी गाडी ओढली गेली, तरी थरथर होतीच. मग पुढेमागे कुणी नाही असं बघून न्यूट्रल केलं आणि गाडी नुसती वाहू दिली. तरीही होतीच. म्हणजे मोटरचा दोष नाही. सीट आणि गाडीचा तळ शांत, फक्त स्टिअरिंग हलतंय, म्हणजे मागची चाकं नाहीत, पुढचं काहीतरी आहे. एवढं शोधून काढल्यावर मला कित्येक महिन्यांनी कामावर असल्यासारखं वाटलं.

मग मी उजवा हात मांडीवर ठेवला आणि स्टिअरिंग फक्त डाव्या हाताने धरलं. माझा डावा हात अजून शहाणा आहे. त्यालाही थरथर लागली. कमलला म्हटलं, बघ, आता तर उजवा हात लावलेलाही नाही. ती हो म्हणाली आणि खिडकीतून बाहेर बघायला लागली. त्या पट्ट्यावर मी पुन्हा गाडी वळवली आणि पुन्हा तेच केलं. पुन्हा तेच. मी मनातल्या मनात सुमेधला काय सांगायचं त्याची वाक्यंसुद्धा जुळवली.

दुसरा थांबा अंबरनाथ पूर्व. कात्रपहून तिकडे जाणारा रस्ता कधी कुठे खोदलेला असेल ते सांगता येत नाही, तेव्हा हातात वेळ ठेवूनच निघा. औद्योगिक भागात शिरलं की हवेचा वास बदलतो. इतरांना तो नकोसा होतो, मला त्या वासाने घरी आल्यासारखं वाटायचं. या वेळी तसं काही वाटलं नाही. माझ्या जुन्या कारखान्याच्या जागी आता कसलंसं गोदाम आहे आणि गेटवरचा माणूस मला ओळखत नाही. आम्ही न थांबता पुढे गेलो.

गाडीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये एसी, सोफा, कॉफीचं मशीन, सगळं आहे. तिथल्या ॲडव्हायझर तरुणाने लॅपटॉप जोडला आणि मी सांगत असलेलं ऐकता ऐकता स्क्रीनकडेच बघत राहिला. मोटर ठीक, बॅटरी ठीक, एकही फॉल्ट कोड नाही. मग तो चाचणीला गाडी घेऊन गेला. मी मागे बसलो. पुढे एक भरलेला टेम्पो होता, त्याच्या मागे मागे आम्ही चाळीसच्या आत गेलो आणि आलो. मी म्हटलं, यापेक्षा जोरात न्यायला हवी. तो म्हणाला, काका, इथे याहून जोरात कुठे नेणार? त्याचंही खोटं नव्हतं.

परत आल्यावर कॉफी आली. मी कपबशी उचलली आणि ती वाजायला लागली. खरं तर त्या सोफ्यावर तेवढाच आवाज होता. तरुणाने बशीकडे पाहिलं, मग कमलकडे वळला आणि हलक्या आवाजात विचारलं, "मॅडम, गाडी एकदम ओके आहे. रोज काकाच चालवतात का?"

मी समोर बसलेला असताना त्याने तिला विचारलं. कमल म्हणाली, हो, तेच चालवतात, उत्तम चालवतात. तिचा आवाज चढला होता. तो तरुण वाईट नव्हता, शिकल्याप्रमाणे सभ्यपणे वागला. पण मी उठून बाहेर आलो आणि गाडीला टेकून उभा राहिलो. सकाळची सगळी हुशारी उतरली होती. डॉक्टर म्हणाले होते, हे हळूहळू दुसऱ्या बाजूलाही जातं. मग माझ्या डाव्या हाताची साक्ष तरी कशाला धरायची? जांभूळच्या रस्त्यावर कमल खिडकीबाहेर का बघत होती, तेही मला तिथे कळल्यासारखं वाटलं. मी तिला म्हटलं, चल, घरी जाऊ. सुमेधला सांगू काही निघालं नाही.

ती म्हणाली, "घरी जायचं ते खाऊन जाऊ. आणि टायरवाल्याला दाखवल्याशिवाय मी काही सुमेधला सांगणार नाही."

उल्हासनगर तिथून जवळ आहे, पण जवळ म्हणजे लवकर असं समजू नका. हातगाड्या, रिक्षा, जीन्सचे गठ्ठे घेऊन चाललेले टेम्पो, यांतून आमची गाडी एकेक वीत सरकत होती. उल्हासनगरच्या कॅम्प चार भागात एका छोट्या हॉटेलात दाल-पकवान खाल्लं. कडक पकवान, वर चण्याची घट्ट डाळ, चिंचेची चटणी, बारीक कांदा. इकडे आलात तर सकाळीच जा, उशिरा गेलं की डाळ संपते. मला हा पदार्थ हल्ली विशेष आवडतो, कारण चमचा लागत नाही. तुकडा मोडायचा, डाळीत बुडवायचा, तोंडात टाकायचा. सांडलं तर सगळ्यांचंच सांडतं.

टायरचं दुकान तिथून पुढे होतं. गल्ल्यावर बसलेले मालक माझ्याच वयाचे, सिंधी गृहस्थ, मराठी-हिंदी-सिंधी मिसळून बोलणारे. मी जांभूळची सगळी चाचणी त्यांना सांगितली, आता मात्र कसलाही जोर न लावता. ते म्हणाले, "बॅलन्सिंग बिगडा होगा, साईं. चारों चाकं उतरवून बघू." गाडी जॅकवर गेली.

त्यांचा कारागीर पुढच्या डाव्या चाकापाशी बसला. त्याच्या हातात हवेवर चालणारी गन होती, पण ती लावायच्या आधी त्याने चाक दोन्ही हातांनी धरून हलवलं आणि चाक हललं. मी जवळच उभा होतो, मला ते दिसलं. त्याने गन खाली ठेवली आणि साधा पाना लावून नट फिरवला. नट गुमान फिरला. त्याच्या शेजारचाही फिरला. तिसराही. उरलेले दोन तेवढे घट्ट होते.

पाचही नटांवर पिवळ्या रंगाची रेघ होती.

ती रेघ माझी. आमच्या कारखान्यात पद्धत होती की फिटरने नट आवळायचे आणि सुपरवायझरने शेवटचा हिसका देऊन बघायचा, मग त्यावर रंगाची रेघ मारायची. रेघ मारलेल्या नटाला पुन्हा कुणी हात लावायचा नाही. माझ्या रेघेवर लोकांनी रात्रपाळ्या निर्धास्त काढल्यात. दिवाळीत पार्किंगमध्ये चाक बसवताना मी फिटरही होतो आणि सुपरवायझरही. दोन नट आवळून झाले तेव्हा उजवा हात दमला, हलायला लागला, एवढं मला आठवतं. तरी मी पुढचे तीन आवळले, प्रत्येकाला हिसका दिला, प्रत्येक वेळी हाताला घट्ट लागला. मग रेघा मारल्या आणि वर जाऊन जेवलो. हात थरथरतो हे मला माहीत होतं. पण त्याला घट्ट आणि सैल यांतला फरक कळेनासा झालाय, हे मला माहीत नव्हतं. थरथर दिसते तरी. हे दिसत नाही, आणि म्हणून मला त्याची जास्त भीती वाटली.

मालक उठून आले. वाकून त्यांनी चाक बघितलं आणि त्यांचा चेहरा बदलला. "ये चाक किसने बिठाया?"

कमल पटकन म्हणाली, "पंक्चरवाल्याने. कात्रपला."

"उसके पास दुबारा मत जाना, भाभी. और थोडे दिन चलती तो चाक निकल जाता. घर की बच्ची बैठती होगी गाडी में." मागच्या सीटवर इराची गुलाबी पाण्याची बाटली पडलेली होती, ती त्यांना दिसली असावी.

मी म्हटलं, "मीच बसवलं."

मालक माझ्याकडे बघत राहिले, मग त्यांची नजर माझ्या हाताकडे गेली. त्यांनी कारागिराला दुसऱ्या कामाला पाठवलं आणि मला खुर्ची दिली. मग सांगायला लागले की त्यांना स्वतःला आता रंग नीट दिसत नाहीत, बिलं मुलगा बघतो, दुकान मात्र उघडायला तेच येतात. मी ऐकत होतो, पण माझ्या डोळ्यांसमोर रोजचा शाळेचा रस्ता होता. उतारावरचं वळण, समोरून येणाऱ्या बस आणि मागे बसून कोणी कुणाचा खोडरबर घेतला ते सांगणारी इरा. दिवाळीपासून आजपर्यंत मी तिला त्या चाकावर नेत होतो. शिवाय गाडीत दोष आहे हे घरात सगळ्यांना ठासून सांगणारा मीच होतो. दोष आहे म्हणायचं आणि तीच गाडी रोज काढायची, हे कसलं शहाणपण?

चाक बॅलन्स झालं, नट किती आवळले ते आकड्यात दाखवणाऱ्या मीटरच्या पान्याने आवळले गेले. पैसे नेहमीच्या बॅलन्सिंगचेच घेतले, नटांचे नाहीत. एकदा चालवून बघा, असं मालक म्हणाले. मी चावी कमलला दिली. तिने माझ्याकडे बघितलं, आरसे स्वतःच्या उंचीला लावून घेतले.

परतीचा रस्ता तिने फार सावकाश कापला. मागचे हॉर्न वाजवत होते. रस्ता मोकळा मिळाल्यावर मी तिला वेग वाढवायला सांगितला. तिने साठपर्यंत नेली. मी डावीकडे बसून डॅशबोर्डवर डावा हात ठेवला. काही नाही. गाडी शोरूममधून आणली त्या दिवसासारखी शांत होती. कमल म्हणाली, "बघा, तुम्ही म्हणत होता ते खरंच होतं." मी हो म्हटलं. मांडीवर माझा उजवा हात हलत होता. गाडी इतकी शांत होती की तो दिसायच्या आधी मला ऐकू आल्यासारखा वाटला.

ज्यांच्या गाडीला अशी थरथर आहे त्यांना इतकंच सांगतो. चाक कुठल्याही कारणाने उतरवलं असेल तर थोडं चालवून झाल्यावर नट पुन्हा तपासून घ्या, आणि मीटरच्या पान्याने घ्या. हाताचा अंदाज कितीही जुना असला तरी त्यावर जाऊ नका. थरथर जाणवते म्हणालात तर आधी गाडी उभी करा, वाद नंतर घाला.

संध्याकाळी सुमेध ऑफिसमधून आला. बूटही न काढता त्याने विचारलं, काय निघालं? माझ्या आधी कमलने उत्तर दिलं. गाडीतच होतं, पुढच्या डाव्या चाकाचे नट सैल होते, आता सगळं ठीक आहे. एवढंच सांगून ती थांबली. पुढचं सांगायचं की नाही ते तिने माझ्यावर सोडलं होतं. सुमेधच्या चेहऱ्यावरचा ताण उतरलेला मला दिसला. तो खरंच खूश झाला. म्हणाला, "सॉरी बाबा. म्हणजे तुम्ही करेक्ट होतात. मी उगाच चावीचं बोललो."

ठरल्याप्रमाणे मी जिंकलो होतो. तिथेच गप्प बसलो असतो तर गाडी माझ्याकडेच राहिली असती. कमल जन्मात बोलली नसती, आणि उल्हासनगरचा दुकानदार काही कात्रपला सांगायला येणार नव्हता. एक क्षणभर मी गप्प बसलोही. तेवढ्यात आतून इरा आली आणि तिने विचारलं, आजोबा, गाडी बरी झाली का? उद्या आपण जायचं ना?

मी म्हटलं, "गाडी बरी झाली. उद्यापासून तुला आजी सोडेल."

ती रडली. मला वाटलं होतं त्यापेक्षा जास्त रडली. आजी हळू चालवते, शाळेचं गेट बंद होईल, ही तिची तक्रार. ती झोपल्यावर मी सुमेधला नटांचं सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि माझा उजवा हात बराच वेळ धरून ठेवला. त्याच्या हातातही तो हलत राहिला.

आता सकाळी कमल आणि इरा जातात. मी खाली पार्किंगपर्यंत जातो, चार्जिंगची वायर काढून देतो, तेवढं मला जमतं. सुरुवातीला एक-दोनदा डाव्या सीटवर बसून गेलो, पण कमल प्रत्येक वळणावर माझ्याकडे बघते आणि मग चुकते, म्हणून जाणं बंद केलं. वर्गातल्या भांडणांचा अहवाल इरा आता तिला देते. संध्याकाळी मी विचारतो तेव्हा म्हणते, ते आजीला सांगितलं ना.